चॅरिटी शॉपमधून कोट घ्यावा का? घ्यावा, पण नीट बघून

साताऱ्याहून सप्टेंबरमध्ये लेस्टरला एमएस्सीसाठी येणाऱ्या एका मुलाने विचारलं आहे: थंडीचे कपडे आणि स्वयंपाकाची भांडी दीडशे पौंडांत बसवायची आहेत. सीनियर मुलं चॅरिटी शॉपमध्ये जा म्हणतात. पण ती दुकानं गोरगरिबांसाठी असतात ना? मी तिथून घेतलं तर कुणा गरजूच्या वाटणीचं घेतल्यासारखं होईल का? आणि आई म्हणते, मेलेल्या माणसांचे कपडे अंगावर घालू नकोस.

मी गेली चौदा वर्षं लेस्टरमध्ये दर गुरुवारी एका हॉस्पिसच्या चॅरिटी शॉपमध्ये काम करते. पगारी नाही, स्वयंसेवक म्हणून. त्यातली बहुतेक वर्षं गल्ल्यावर नाही तर मागच्या खोलीत गेली, जिथे लोकांनी आणून दिलेल्या पिशव्या उघडल्या जातात. तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

तुझ्या प्रश्नात पैशाचा भाग सोपा आहे. दीडशे पौंडांत बसतं, कसं ते खाली सांगतेच. तुझं पाऊल अडलंय ते दोन गोष्टींपाशी. एक, आपण कुणाचं दान तर घेत नाही ना. आणि दुसरी, आईचा शब्द. आधी त्या दोन्ही निस्तरू, मग कोटाकडे वळू.

चॅरिटी शॉप म्हणजे गरिबांना वस्तू वाटायची जागा नव्हे. ते दुकान आहे. लोक आपल्याला नको असलेल्या वस्तू संस्थेला देतात, दुकान त्या विकतं आणि जागेचं भाडं, वीजबिल, मॅनेजरचा पगार वजा जाता जे उरतं ते संस्थेच्या कामाला जातं. आमच्याकडे ते काम म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा. ऑक्सफॅम या मदतसंस्थेचं ऑक्सफर्डमधलं ब्रॉड स्ट्रीटवरचं दुकान १९४७ सालचं. महायुद्धानंतर ग्रीसमधल्या लोकांसाठी मदत मागितली, तर वस्तूंचा एवढा ढीग आला की उरलेल्या विकून पैसे उभे करावेत असं ठरलं. आज या देशात अशी दहा हजारांहून जास्त दुकानं आहेत. सरकारही याच हिशोबाने त्यांना सूट देतं: दानात आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅट शून्य, आणि मुख्यतः अशाच वस्तू विकत असतील तर दुकानाच्या जागेवरच्या करात ८० टक्के सवलत.

म्हणजे दान देणाऱ्याने दिलं ते संस्थेला. तुला कोणी देत नाहीये, तू विकत घेतोयस. आणि तू विकत घेईपर्यंत त्या दानाचा एक पैसाही झालेला नसतो. आमच्या मागच्या खोलीत पाच पिशव्या उघडल्या तरी रुग्णाच्या उशाशी काही पोहोचत नाही. गल्ल्यावर कोणीतरी चार पौंड ठेवतं तेव्हा पोहोचतं. इथे शाळेतल्या बाई येतात, निवृत्त डॉक्टर येतात, पुस्तकं धुंडाळणारे प्राध्यापक येतात. कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

तरीही तुझ्या शंकेत एक खरी गोष्ट आहे, ती मी झटकणार नाही. हातातोंडाशी गाठ असलेली कुटुंबंही इथेच येतात, आणि त्यांच्यासाठी मुलाचा कोट आठ पौंडांना मिळणं आणि न मिळणं यात फार फरक असतो. काही लोक सकाळी दार उघडताच येतात, ब्रँड बघून दहा-दहा जॅकेटं उचलतात आणि ऑनलाइन दुप्पट भावाने विकतात. कायद्याने त्यात चूक काही नाही. मला मात्र ते बघवत नाही. तुला एक कोट लागतो, एक घे. स्वस्त आहे म्हणून तीन घेऊ नकोस. एवढं पाळलंस तर कुणाच्या वाटणीचं घेतलं असं मनात आणायचं कारण नाही.

आता आईचं म्हणणं. त्यांच्याशी खोटं बोलू नकोस, कारण त्या म्हणतात ते काही अंशी खरं आहे. घर बदलताना, वजन वाढल्यावर, मुलं मोठी झाल्यावर लोक कपडे देतात, तसेच घरातलं माणूस गेल्यावरही देतात. कोणता कपडा कुठून आला हे रॅकवर लिहिलेलं नसतं, आणि आम्हालाही बहुतेक वेळा माहीत नसतं.

पण एक पाहिलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एक आजी नवऱ्याचे चार कोट घेऊन आल्या. पिशवीत कोंबलेले नव्हते. हँगरवर, वरपासून खालपर्यंत बटणं लावलेले. आम्ही प्रत्येक कपड्याचे खिसे तपासतो, तसे तपासले. राखाडी कोटाच्या आतल्या खिशात बसचं तिकीट, एक पेपरमिंटची गोळी आणि चौघडी घातलेला रुमाल निघाला. मी ते सगळं पाकिटात घालून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी रुमाल पर्समध्ये ठेवला आणि गोळी तिथेच तोंडात टाकली. पुढच्या आठवड्यात तो कोट नायजेरियाहून शिकायला आलेला एक उंच मुलगा घालूनच बाहेर गेला, बाहेर गारठा होता म्हणून. आजी नंतर आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, राखाडी गेला का? गेला म्हटल्यावर म्हणाल्या, बरं झालं, त्याचं अस्तर मी गेल्याच वर्षी बदलून घेतलं होतं.

आपल्याकडेही बाळाला पहिली दुपटी शिवतात ती आजीच्या वापरून मऊ झालेल्या लुगड्याचीच. गोधडीत तर घरातल्या गेलेल्या माणसांच्या साड्या आणि धोतरं असतात, आणि तीच आपण पांघरून झोपतो. मग परक्याच्या कपड्याचं का वाटतं, तर तो परका असतो म्हणून. हे आईला सांगून बघ. पटलं तर ठीक. नाही पटलं तर हुज्जत घालू नकोस: अंगावरचे कपडे नवे घे आणि भांडी, पुस्तकं, दिवा, खुर्ची असल्या वस्तू चॅरिटी शॉपमधून घे. एवढ्यानेही बरेच पैसे वाचतात, आणि परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात आईचं मन स्वस्थ असणं हीसुद्धा किंमत मोजण्यासारखी गोष्ट आहे.

स्वच्छतेचं स्पष्ट सांगते. बहुतेक दुकानं कपडे धूत नाहीत. आम्ही निवडतो, डागाळलेले-फाटलेले बाजूला काढतो आणि उरलेल्यांवर स्टीमर फिरवतो. वाफेने सुरकुत्या जातात, वास थोडा जातो, पण ती धुलाई नव्हे. म्हणून घरी नेल्यावर सुती कपडा ६० अंशांवर धुवायचा. लोकरीचा असेल तर त्याला गरम पाणी चालत नाही. तो पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवायचा, म्हणजे कसर असेल तर मरते, आणि मग लेबलवर लिहिल्याप्रमाणे हाताने धुवायचा किंवा ड्रायक्लीनला द्यायचा. ड्रायक्लीनचा खर्च कोटाच्या किमतीत आधीच धरून चाल. बारा पौंडांच्या कोटाला पंधरा पौंडांची धुलाई लागली तर तो सत्तावीस पौंडांचा कोट झाला.

आता कोट कसा बघायचा. रॅकवरून उतरव आणि खिडकीपाशी ने. दुकानातल्या दिव्याखाली काळा, निळा आणि चॉकलेटी एकच दिसतात आणि कसरीची भोकं तर दिसतच नाहीत. कोट उजेडासमोर धरून पाठीकडून आरपार बघ. टाचणीच्या टोकाएवढा उजेड आत आला तर ठेवून दे, कारण एक भोक दिसतं तिथे आणखी चार व्हायच्या वाटेवर असतात. मग काखेतली शिवण. कोट आधी तिथेच उसवतो आणि घामाचा वास तिथेच टिकतो, म्हणून नाक जवळ नेऊन बघायला संकोच करू नकोस. डांबरगोळ्यांचा वास आला तर घाबरू नकोस, तो वाऱ्यावर हळूहळू जातो. ओलीचा कुबट वास मात्र जात नाही. मी तरी तो कधी गेलेला पाहिला नाही.

कॉलरची आतली बाजू आणि बाह्यांच्या कडा घासल्यात का ते बघ. दोन्ही खिशांत हात तळापर्यंत घाल, खिशाचं अस्तर फाटलं असेल तर किल्ली थेट कोटाच्या पोटात जाते. झिप असेल तर पूर्ण खाली, पूर्ण वर, दोनदा. बटण नसणं हा दोष धरू नकोस. आतल्या शिवणीजवळ बरेचदा जास्तीचं बटण टाचलेलं असतं, आणि बटण लावायला पाच मिनिटं लागतात. तुटलेली झिप बदलायला मात्र इथे कोटाइतकेच पैसे जातात.

लेबल वाच. लोकर ७० टक्क्यांच्या वर असेल तर कोट जुना असला तरी ऊब देतो. नुसतं ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर असेल तर दिसायला जाडजूड, पण वाऱ्यात उभं राहिलं की कळतं. लेस्टरची थंडी बर्फाची कमी आणि ओल्या वाऱ्याची जास्त. मापाचं म्हणशील तर आतल्या लेबलवर ३८, ४०, ४२ असे आकडे असतात, ते छातीचे इंच. पण जुन्या कोटांचे खांदे वेगळे बेतलेले असतात, म्हणून घालूनच बघायचं. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. बाही लांब असेल तर आखूड करता येते, खांदा बदलता येत नाही.

पावसाळी जॅकेटाबाबत मी स्वतः फसले आहे. इथल्या तिसऱ्या वर्षी एका दुकानातून बारा पौंडांना चालण्याचं जॅकेट घेतलं, रंग झळझळीत, झिप उत्तम. पहिल्याच पावसात खांद्यापासून पाठीपर्यंत भिजले. घरी येऊन उलटं केलं तर आतला पातळ थर सापाच्या कातीसारखा सुटत होता आणि माझ्या स्वेटरवर पांढरा भुगा पडला होता. असल्या जॅकेटाचं पाणी अडवणारं लेपन वयानुसार सुटतं, न वापरता कपाटात ठेवलं तरी सुटतं. म्हणून जॅकेट घालून बघण्याआधी उलटं कर आणि शिवणींवरच्या पट्ट्या अंगठ्याने चोळ. चिकटपणा लागला किंवा पापुद्रा निघाला तर दोन पौंडांनाही घेऊ नकोस. डोंगर चढण्याच्या बुटांचंही असंच आहे: नव्यासारखे दिसतात, पण काहींचा तळ इतका जुना झालेला असतो की वाकवला की चुरा होतो. दुकानातच वाकवून बघ. खरं तर बूट नवेच घे. दुसऱ्याच्या पायाचा आकार त्यात बसलेला असतो.

भांड्यांसाठी एकच हत्यार लागतं: फ्रिजला लावायचं चुंबक. तुझ्या वसतिगृहात कोणती शेगडी आहे ते आत्ताच ईमेल करून विचार. इंडक्शन असेल तर भांड्याच्या बुडाला चुंबक घट्ट चिकटलं पाहिजे, नाहीतर ते भांडं तापणारच नाही. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आमच्याकडे तीन-चार पौंडांना मिळतं आणि ते तुझं शिक्षण होईपर्यंत सहज टिकेल. ताटं, वाट्या, मग, चमचे, काचेचे डबे डोळे मिटून घे. नॉनस्टिक तव्यावर ओरखडे असतील तर घेऊ नकोस, आणि ओरखडे नसलेला सेकंडहँड नॉनस्टिक मी क्वचितच पाहिलाय. कुकर इथे शोधू नकोस. व्हॉल्व्ह आणि रिंग कोणी किती वर्षं वापरली ते कळत नाही. घरूनच आण, आणि शेगडी इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा नको, इंडक्शनला चालणारा स्टीलचा.

विजेची वस्तू घ्यायची असेल तर जिथे तपासून तारखेचं लेबल लावतात तिथूनच घे. प्रत्येक दुकान हे करत नाही. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची फर्निचर आणि विजेच्या वस्तूंची मोठी दुकानं करतात. सोफा किंवा गादीची खुर्ची घेतलीस तर तिच्यावर आगीच्या नियमाचं लेबल शिवलेलं असायला हवं. १९८८ सालच्या नियमांत न बसणारी अशी वस्तू दुकानाला सहसा विकता येत नाही, आणि ती बसते की नाही हे त्या लेबलवरूनच कळतं. उशी, गादी, विजेवर तापणारं ब्लँकेट, सायकलचं हेल्मेट या चार वस्तू नव्याच घ्यायच्या. हेल्मेट एकदा आपटलं असेल तर बाहेरून काही दिसत नाही आणि ऐनवेळी ते डोकं वाचवत नाही.

कुठे आणि कधी जायचं हे गावावर अवलंबून आहे. विद्यापीठं असलेल्या गावात जूनमध्ये विद्यार्थी खोल्या रिकाम्या करतात तेव्हा भांडी, दिवे, कपडे वाळत घालायचे स्टँड यांचा पूर येतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चांगलं उचललं जातं, म्हणून आल्या आल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत भांड्यांसाठी जा. कोटांची घाई नको. लोक थंडीचे कपडे ऑक्टोबरमध्ये कपाटातून काढतात आणि नको ते तेव्हाच आणून देतात. त्याच महिन्यात आम्ही साठवलेलेही बाहेर काढतो. शनिवारी गर्दी असते. माझ्या मते मंगळवार-बुधवारची सकाळ सगळ्यात बरी, कारण शनिवार-रविवारी घर आवरून लोकांनी आणलेलं सोमवारी निवडून होतं.

टॅगच्या कोपऱ्यात बरेचदा आठवड्याचा आकडा असतो. आमच्याकडे तीन आठवडे वस्तू गेली नाही तर ती उतरवतात: कधी भाव कमी होतो, कधी दुसऱ्या शाखेत जाते. अगदीच न गेलेले कपडे वजनावर चिंध्यांच्या व्यापाऱ्याला विकले जातात. तिथून त्यांचा प्रवास फार लांबचा. जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांच्या गाठी आपल्या पानिपतला येतात. तिथे बटणं आणि झिपा काढून, रंगवार निवडून, पिंजून पुन्हा सूत कातलं जातं आणि त्याची ब्लँकेटं होतात. जुनी लोकर पिंजून नवं कापड करायची ही युक्ती यॉर्कशायरच्या बॅटली गावात १८१३ च्या सुमारास निघाली. आज तिथली जुनी लोकर पानिपतला कातली जाते. पिशवी बांधताना मला दरवेळी याची आठवण होते, म्हणून सांगितलं.

भाव करू नकोस. मला माहीत आहे, आपल्याकडे जुन्या बाजारात निम्म्यापासून सुरुवात करतात. इथे गल्ल्यावरची आजी स्वयंसेवक असते, तिला किंमत बदलायचा अधिकार नसतो आणि नाही म्हणताना तिलाच वाईट वाटतं. टॅगवर न लिहिलेला दोष सापडला, समजा अस्तर उसवलंय, तर मॅनेजरला दाखवून नीट विचार. ते बहुधा ऐकतात. पावती मात्र जपून ठेव. वस्तू सेकंडहँड असली तरी सांगितल्याप्रमाणे नसेल तर परत करायचा हक्क ग्राहकाला असतो.

तर तुझा हिशोब मी असा मांडला असता: लोकरीचा कोट वीसच्या आत, दोन स्वेटर दहा-बारा, भांडी-ताटं-मग मिळून वीस. हे पन्नासच्या आसपास झालं. उरलेल्या शंभरात नवे बूट, नवी रजई आणि उशी, आतून घालायचे थर्मल आणि कोटाची धुलाई. पावसाळी जॅकेट जुनं चांगलं सापडलं तर ठीक, नाहीतर सह्याद्रीत फिरायला घेतलेलं असेल तेच घेऊन ये.

परत जाताना हे सगळं पुन्हा दुकानात आणून दे. तेव्हा तुला विचारतील, गिफ्ट एड करणार का? त्याचा अर्थ असा की देणारा इथे कर भरत असेल तर त्याच्या वस्तूंच्या विक्रीतल्या दर पौंडामागे सरकार संस्थेला आणखी २५ पेन्स देतं. पण तू तेवढा आयकर भरला असशील तरच सही कर. अर्धवेळ कामातून वर्षाला १२,५७० पौंडांच्या खाली कमावलंस तर सहसा आयकर लागत नाही. मग नम्रपणे नाही म्हण, वस्तू ते तशाच आनंदाने घेतील. स्वयंसेवक म्हणून यायचं असेल तर आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचार, कारण विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि काही प्रकारचं विनावेतन कामही त्यात मोजलं जातं.

आणि निघण्याआधी एक काम आईकडून करून घे. अंगात जाड स्वेटर घाल, कारण कोट त्याच्यावरून घालायचा आहे, आणि त्यांना टेपने तुझी मापं घ्यायला सांग: छाती, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, आणि खांद्यापासून मनगटापर्यंत बाही. इंचात, त्यांच्याच हाताने चिठ्ठीवर लिहून घे आणि पाकिटात ठेव.